पिकअपच्या सायलेन्सरमधून धूर येतोय? इंजिन खोलायच्या आधी हे तपासा

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून आमची पिकअप साखरप्याहून आंबा घाट चढत होती. तिसऱ्या गिअरला गाडीचा दम सुटला आणि मागे काळा धूर सुरू झाला. इतका, की मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न मारून आम्हाला बाजूला घ्यायला लावलं. कोल्हापूरला माल उतरवून गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे बॉनेट पूर्ण वर व्हायच्या आधीच निकाल मिळाला: "नोझल गेले, पंपही काढावा लागेल, ४०,००० धरून चाला." पैसे नव्हते म्हणून गाडी तशीच परत आणली. दुसऱ्या दिवशी सावकाश खाली वाकून बघितलं, तर इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, होजपाइपला खालच्या बाजूने बोटभर चीर पडली होती. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्या आणि धूर गेला.

तेव्हापासून धुराची तक्रार आली की मी रंग सगळ्यात आधी विचारत नाही. आधी विचारतो, धूर कधी येतो? सकाळी पहिल्या स्टार्टला, उभ्या गाडीत, घाटात लोडवर, की उतार संपून पुन्हा रेस दिल्यावर? रंगावरून काय जळतंय ते कळतं. कधी येतो त्यावरून ते कुठून येतंय ते कळतं. दोन्ही हातात असल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नका.

आधी गाडी कुठल्या पिढीची ते बघा

पिकअप जुन्या यांत्रिक पंपाची आहे, कॉमन रेल आणि टर्बोवाली बीएस-४ आहे, की १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६, यावर पुढची सगळी तपासणी ठरते. कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून फार दाबाचं डिझेल, टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा आणि बीएस म्हणजे धुराच्या सरकारी मर्यादेचा टप्पा. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीने जोरात रेस दिल्यावर काळी फुंकर टाकली आणि लगेच साफ झाली, तर मी तिकडे लक्ष देत नाही. बीएस-६ गाडीत मात्र डोळ्यांना दिसणारा काळा धूर यायलाच नको. सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसवलेला असतो. त्यातूनही काळा धूर बाहेर येत असेल, तर फिल्टर फुटलाय, किंवा कुणीतरी आतून पोकळ करून ठेवलाय. सेकंड हँड गाडी घेताना ही खूण पक्की लक्षात ठेवा.

थंड गाडीची पहाटेची तपासणी

गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा आणि सकाळी चावी फिरवायच्या आधी दहा मिनिटं तिला द्या.

डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, तर कुणीतरी जास्त भरलंय किंवा ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. थेंब बोटांवर चोळून वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल पातळ लागलं, तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं नोझल, गळत असण्याची शक्यता आहे. बीएस-६ गाडीत डीपीएफची सफाई वारंवार अर्धवट राहिली तरी असंच होतं. ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. अशी गाडी सुरूसुद्धा करू नका.

मग कूलंटची बाटली. पेनाने पातळीवर खूण करा आणि आठवडाभर रोज बघा. कुठेही ओल नाही, जमिनीवर थेंब नाही, तरी पातळी उतरत असेल, तर ते पाणी कुठेतरी जळतंय. रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडायचं. गरम इंजिनाचं झाकण उघडून तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

एअर फिल्टर बाहेर काढून मोबाइलची बॅटरी आत धरा. कागदातून उजेड बाहेर येत नसेल, तर फिल्टर संपला. आमच्याकडे चिरेखाणीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे फिल्टर जांभ्याच्या लाल धुळीने फार लवकर तुंबतात. कंपनीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर डांबरी रस्त्याचे असतात. खाणीच्या वाटेवर त्याच्या निम्म्यावरच तपासायला सुरुवात करा. जोराच्या हवेने फिल्टर साफ करायचा मोह टाळा, कारण त्याने कागदाला बारीक भोकं पडतात आणि त्यातून धूळ सरळ पिस्टनच्या रिंगांवर जाते. फिल्टरच्या डब्याकडे येणाऱ्या नळीतही हात घालून बघा. पावसाळ्यानंतर त्यात उंदराने भरलेलं गवत मी दोनदा काढलंय.

आता गाडी सुरू करा. एका माणसाला मागे, सायलेन्सरच्या बाजूला उभं करा, अगदी समोर नको. पांढरा पुठ्ठा सायलेन्सरपासून हातभर अंतरावर मिनिटभर धरायला सांगा. कोरडी काळी काजळी बसली तर इंधन नीट जळत नाही. तेलकट डाग पडले तर ऑइल किंवा कच्चं डिझेल येतंय. नुसतं पाणी साचलं तर बहुतेक वेळा ती साधी वाफ असते. कोकणात जुलैच्या सकाळी बऱ्याच गाड्या पांढरी वाफ सोडतात. ती चार-पाच फुटांवर विरते आणि इंजिन गरम झालं की थांबते. हवेत तरंगत राहतो आणि डोळ्यांना झोंबतो तो धूर. या दोघांत गल्लत करू नका.

काळा धूर

डिझेल जास्त आणि हवा कमी, एवढाच याचा अर्थ. बहुतेक मेकॅनिक यातल्या डिझेलकडे आधी जातात, कारण नोझल आणि पंपाचं काम मोठं असतं. मी आधी हवेकडे जातो. हवेची तपासणी फुकट होते आणि लोडच्या गाड्यांत बहुतेक दोष तिथेच सापडलेला मी पाहिलाय.

एअर फिल्टर तपासून झाला असेल, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचा प्रत्येक होजपाइप हाताने चाचपा. पाइपाच्या खालच्या बाजूला, क्लिपांच्या काठाला आणि ब्रॅकेटला घासणाऱ्या जागी तेलकट काळा ओघळ दिसला, तर हवा तिथून फुटतेय. आमची चीर मला अशीच सापडली. उभ्या गाडीत ती चीर मिटलेली राहते आणि लोडवर दाब आला की उघडते. त्यामुळे गॅरेजमध्ये गाडी अगदी ठीक वाटते आणि घाटात दम सोडते. शंका असेल तर दुसऱ्या माणसाला रेस द्यायला सांगा आणि पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब राहून पाइपावर साबणाचं पाणी मारा. फुटक्या जागी फेस येईल, किंवा "फुस्स" असा आवाज येईल. जुन्या पाइपाचा आतला थर सुटून आतच दुमडतो. बाहेरून पाइप धडधाकट दिसतो आणि आत हवेची वाट अडलेली असते. म्हणून संशयित पाइप काढून आतून बघाच.

पाइप ठीक निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह बघा. जळालेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडायचं काम तो करतो. काजळीने तो उघडा अडकला, तर ताज्या हवेच्या जागी धूरच आत जातो आणि काळा धूर, कमी ओढ, उभ्या गाडीत थरथर असं सगळं एकदम सुरू होतं. व्हॉल्व्ह काढून साफ करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. हवा मोजणारा सेन्सरही याच टप्प्यावर साफ करून घ्या, पण त्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने. फडक्याने पुसलात तर त्याची तार तुटते.

टर्बो तपासायचा असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना हवेकडचा पाइप काढा आणि पंख्याचा शाफ्ट बोटाने हलवा. वर-खाली किंचित हालचाल चालते. आत-बाहेर हालत असेल, किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो संपलाय. चालत्या गाडीत शिट्टीचा आवाज अचानक वाढणं हीसुद्धा त्याचीच पूर्वसूचना असते.

एवढं सगळं ठीक असेल तरच इंजेक्टरवर या. कॉमन रेल गाडीत रिटर्न टेस्ट करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली लावतात, इंजिन ठरावीक वेळ चालवतात आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त आलं ते बघतात. चारपैकी एकच बाटली भराभर भरली, तर दोष त्या एकाच इंजेक्टरमध्ये आहे. चारही बदलायला सांगणाऱ्याकडे या टेस्टचा निकाल मागा. एक गोष्ट मात्र जिवाची आहे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. जुन्या गाडीसारखी चालू इंजिनाची नोझलची नळी सैल करून बघायची सवय इथे चालत नाही. सुईसारखी बारीक धार कातडी फाडून आत शिरते. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जायचं आणि आत डिझेल गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

यांत्रिक पंपाच्या गाडीत वेगळा प्रश्न विचारा: ओढ वाढावी म्हणून कुणी "पंप वाढवलाय" का? हा उद्योग बऱ्याच जुन्या पिकअपांवर झालेला असतो. डिझेल जास्त जातं, धूर वाढतो, पिस्टन तापतात. पंप कंपनीच्या मापावर परत आणून घ्या.

आणि लोड. आरसीवर गाडीचं एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, ड्रायव्हर-क्लीनरचं वजन काढा, जे उरलं ते मालाचं. एक पेटी किंवा क्रेट काट्यावर ठेवा आणि नगांनी गुणा. गाडीत काही दोष नसताना नुसत्या जादा मालाने आणि चौथ्या गिअरला घाट ओढण्याच्या हट्टाने काळा धूर येतो. इंजिन गुदमरायच्या आधी गिअर उतरवा. आमच्या गाडीचा पाइपसुद्धा त्या मोसमातल्या जादा पेट्यांनीच फाटला, असं मला आजही वाटतं.

पांढरा धूर

हा दोन प्रकारचा असतो आणि दोघांचा खर्च जमीन-अस्मानाचा आहे.

पहिला म्हणजे न जळलेलं डिझेल. डोळे झोंबतात, वास कच्च्या डिझेलचा येतो, स्टार्टला इंजिन लंगडतं आणि गरम झाल्यावर सुधारतं. अशा वेळी आधी ग्लो प्लग बघा, ज्यांना गॅरेजवाले हिटर म्हणतात. प्लगची तार काढून मल्टिमीटरने प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यात रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग फार कमी, साधारण एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो. आतून तुटलेला काहीच दाखवत नाही. रत्नागिरीच्या हवेत दोन प्लग मेलेले असले तरी गाडी निमूट सुरू होते. तीच गाडी डिसेंबरात महाबळेश्वरला मुक्कामाला नेली की सकाळी पांढऱ्या धुराचा लोट सोडते. प्लग ठीक असतील तर डिझेल फिल्टरखालच्या नळीतून पाणी काढून टाका. डिझेलमधल्या पाण्यानेही असाच धूर येतो आणि इंजेक्टर गंजतात. त्यापुढे इंजेक्टरचा फवारा, जुन्या गाडीत पंपाचं टायमिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. गाडी गरम झाल्यावरही लंगडत असेल, तर कॉम्प्रेशन मोजूनच घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर दोष तिथे आहे.

दुसरा म्हणजे जळणारं कूलंट. वास गोडसर येतो, इंजिन गरम झालं तरी धूर थांबत नाही, बाटलीतली पातळी उतरते. थंड इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडून गाडी सुरू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर इंजिन तापायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. त्याखालचं पॅकिंग गेलंय किंवा हेडला तडा गेलाय. गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची टेस्ट करता येते. रेडिएटरच्या तोंडावर धरलेलं निळं पाणी हिरवट किंवा पिवळसर झालं की पाण्यात जळका वायू आहे हे पक्कं.

बुडबुडे नाहीत, होज कडक नाही, तरी कूलंट कमी होतंय आणि पांढरा धूर येतोय? मग हेडला हात लावू देऊ नका. ईजीआर कूलर बघा. परत येणारा धूर थंड करायला त्यातून कूलंट फिरतं, आणि तो आतून चिरला की पाणी सरळ इंजिनात जातं. लक्षणं हेड पॅकिंगसारखीच दिसतात. कूलर काढून त्याला दाब देऊन तपासायला काही तास लागतात. हेड उतरवायला गाडी आठवडाभर उभी राहते. म्हणून आधी कूलर, मग हेड. हा क्रम मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा.

निळा धूर

ऑइल जळतंय. पण ते तीन-चार वाटांनी आत जातं आणि वाट कुठली हे वेळेवरून ओळखू येतं.

रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एक निळा झोत सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत जाऊ न देणारं रबर. गाडी बराच वेळ आयडलवर (रेस न देता चालू) उभी ठेवून नंतर रेस दिल्यावर निळा ढग आला, तर टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह सील. लोडवर धूर वाढतच गेला आणि ओढही कमी झाली, तर रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी). शेवटच्या शंकेसाठी इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. ऑइलचे गरम थेंब उडतात, म्हणून हात आणि तोंड लांब ठेवा. झाकण नाचायला लागलं आणि खालून भकाभका धूर आला, तर सिलिंडरमधली हवा रिंगांवरून खाली गळतेय.

पण इथे थांबा आणि ब्रीदरची नळी बघा. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर काढणारी ही नळी चिकट काजळीने तुंबली, तर पोटात दाब वाढतो, टर्बोतून परतणारं ऑइल खाली उतरू शकत नाही आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर फेकलं जातं. इंटरकूलर ऑइलने भरलेला दिसला की "टर्बो गेला" असं ठरतं, नवा टर्बो बसतो आणि महिन्याभरात तोही ऑइल फेकायला लागतो. दोष नळीत असतो. टर्बो बदलायच्या आधी ब्रीदर आणि टर्बोची ऑइल परतीची नळी, दोन्ही साफ करून बघणं हा माझ्या दृष्टीने न मोडण्याचा नियम आहे.

ऑइल किती जातंय हे अंदाजाने बोलू नका. सपाट जागी वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटर चालवा, त्याच जागी थंड इंजिनावर पुन्हा मोजा. किती भरावं लागलं ते वहीत लिहा. अडीच लिटरच्या आसपासच्या इंजिनाला हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त लागत असेल, तर मी इंजिन कामाची तयारी सुरू करीन. त्याखाली असेल तर मोजत राहीन.

बीएस-६ गाडीचं वेगळं

डीपीएफमध्ये काजळी भरली की गाडी स्वतःच ती जाळते. त्या वेळी फिल्टरच्या आतलं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, आयडल थोडा वाढतो, पंखा चालू राहतो, जळका वास येतो आणि कधी हलका पांढुरका धूर दिसतो. हा दोष नाही. गाडी बंद न करता सलग चालवा आणि सफाई पूर्ण होऊ द्या. मात्र अशा वेळी आंब्याच्या बागेत वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. मे महिन्यात आग लागायला एवढं कारण पुरतं.

बाजार ते घर एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीची सफाई कधी पूर्ण होत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वेगाने सलग वीसएक मिनिटं चालवा. ऑइलही कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती कुठल्याच सफाईने जळत नाही.

या गाड्यांत ऑइल जळत असलं तरी सुरुवातीला निळा धूर दिसत नाही, कारण फिल्टर तो गिळतो. आधी पाचशे किलोमीटरला होणारी सफाई दीडशेला व्हायला लागली, तर तोच तुमचा निळा धूर समजा आणि वर लिहिलेली ऑइलची मोजणी सुरू करा.

इंजिन आपोआप पळायला लागलं तर

टर्बोचं सील एकदम फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. पाय रेसवरून काढलेला असतो, तरी रेस चढत जाते, मागे निळ्या-पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते आणि चावी फिरवली तरी इंजिन बंद होत नाही. अशा वेळी गाडी थांबवा, हँडब्रेक ओढा, ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडेल. उभ्या गाडीत हे जमत नसेल तर हवेच्या नळीच्या तोंडावर फळी किंवा जाड पुस्तक दाबून धरा. हात किंवा फडकं कधीच नाही, ते आत ओढलं जातं. रेस फार चढली असेल तर सगळ्यांना खाली उतरवून लांब जा. इंजिन पुन्हा घेता येतं.

पीयूसीचा कागद फेकू नका

डिझेल गाडीच्या पीयूसीत रेस देऊन धुराचा दाटपणा मोजतात आणि तो आकडा सर्टिफिकेटवर छापलेला असतो. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, बीएस-४ ला ५०. गाडी पास झाली की आपण कागद घडी करून ठेवतो आणि आकडा वाचत नाही. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना ही तपासणी वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी करावी लागते. प्रत्येक वेळी इंजिन नीट गरम करून जा आणि आकडा त्याच ऑइलच्या वहीत तारखेसह उतरवा. आमच्या गाडीचा आकडा पाइप फाटायच्या आदल्या वर्षीच २२ वरून ३८ वर गेला होता. कागद डॅशबोर्डच्या खणात पडून होता, वाचला कुणीच नव्हता.